पोर्टेबल पॅडलची वायर आणि पिन: काय बिघडतं, कसं बदललं, किती लागले

मोर्सचं पॅडल, म्हणजे रेडिओवरून मोर्स संदेश पाठवायची दोन पट्ट्यांची की, बिघडलं असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा पॅडल ठणठणीत असतं. गेलेली असते ती त्याची वायर, नाहीतर वायरच्या टोकाची पिन. दोन छोट्या पॅडलांवर हे काम नोव्हेंबर २०२४ अखेर सुरू केलं आणि फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला संपवलं. एक पॅडल परदेशी बनावटीचं, ॲल्युमिनियमचं, चुंबकाच्या ताणावर चालणारं. त्याची वायर आतच कायमची जोडलेली. दुसरं थ्रीडी प्रिंट केलेलं, पीएलए प्लास्टिकचं, आणि त्याला इअरफोनसारखी बारीक वायर. रिग, म्हणजे हौशी (हॅम) रेडिओचा ट्रान्समीटर-रिसीव्हर संच, यासूचा एफटी-८१८. हे काम करायला बसलं की नेमकी कुठली पिन घ्यायची, वायर कुठे कापायची, आत काय सापडेल याची सलग माहिती मराठीत मिळत नाही, म्हणून क्रमाने लिहीत आहे.

लक्षण असं होतं की डाह (मोर्सचा लांब सूर; आखूड तो डिट) मध्येच गळायचे. सीक्यू या सर्वांसाठीच्या हाकेतला सी, म्हणजे डाह-डिट-डाह-डिट, पाठवताना पहिला डाह जायचा आणि मग नुसते डिट पडत राहायचे. वायर जरा सरळ केली की सगळं पुन्हा सुरळीत. अशा वेळी हात आधी काँटॅक्टच्या स्क्रूकडे जातो, अंतर कमी-जास्त करावंसं वाटतं. तो मोह आवरा. जुळवलेलं अंतर एकदा हललं की वायरचा दोष कुठला आणि जुळणीचा कुठला हे ओळखणं अवघड होतं.

पॅडलची जोडणी अगदी साधी आहे. तीन तारा: डिट, डाह आणि दोघांची सामायिक ग्राउंड. ३.५ मिमीच्या स्टिरिओ पिनवर टोकाला डिट, मधल्या रिंगला डाह, मागच्या लांब भागाला ग्राउंड, ही रूढ पद्धत. डावखुऱ्यांसाठी डिट-डाह उलटवायची सोय बहुतेक रिगच्या मेन्यूत असते, त्यामुळे त्यासाठी सोल्डर उकरायची गरज नाही. या तीन तारा डोक्यात ठेवल्या तर नुसतं ऐकूनही निम्मं निदान होतं. एकाच बाजूचं गळत असेल तर त्या बाजूची तार तुटली आहे. दोन्ही बाजू एकदम मरत असतील तर ग्राउंड. रिग चालू करताच, पॅडलला हात न लावता, डाह सलग वाजत असतील तर रिंग ग्राउंडला टेकली आहे. एक तर पिनच्या आत तार टेकली आहे, नाहीतर कोणीतरी मोनो पिन खुपसली आहे. मोनो पिनला रिंग नसतेच, मागचा अखंड भाग सॉकेटमधल्या रिंगच्या पत्तीलाही टेकतो.

अजून एक प्रकार आहे आणि तो फसवा आहे. कमी पॉवरवर सगळं नीट, पॉवर वाढवली की नको ते डिट आपोआप घुसतात. हा वायर तुटल्याचा दोष नाही, अँटेनातून बाहेर पडणारी रेडिओ ऊर्जा (आरएफ) पॅडलच्या वायरवर येते आहे. तुटकी वायर अर्ध्या वॉटलाही तितकीच गळते, हा फरक लक्षात ठेवला तर उगाच वायर कापली जात नाही.

मग मोजणी. मल्टिमीटर बझर मोडवर ठेवायचा, एक प्रोब पिनच्या रिंगवर, दुसरा पॅडलच्या डाह बाजूच्या काँटॅक्ट पोस्टवर, आणि वायर पिनपासून पॅडलपर्यंत दोन-दोन सेंटिमीटरवर हळूहळू वाकवत जायचं. स्वस्त मीटरचा बझर मात्र आळशी असतो, क्षणभराची तूट तो खाऊन टाकतो. त्यापेक्षा रिगचाच उपयोग करा: ब्रेक-इन (पॅडल दाबताच ट्रान्समिट सुरू होण्याची सोय) बंद करा म्हणजे ट्रान्समिट होणार नाही, फक्त साइडटोन, म्हणजे आपल्याच मोर्सचा रिगमधून येणारा सूर, ऐकू येईल. कीअर (पट्टी दाबली की डिट-डाह आपोआप तयार करणारा रिगमधला भाग) मिनिटाला सुमारे २० शब्दांच्या वेगावर ठेवा, डाहची पट्टी दाबून धरा आणि वायर वाकवत जा. या वेगाला डिट ६० मिलिसेकंदांचा असतो, डाह १८०चा. तार क्षणभर सुटली तरी लय मोडलेली कानाला लगेच कळते. परदेशी पॅडलमध्ये तूट सापडली पिनच्या रबरी शेपटापासून जेमतेम सेंटिमीटरभर मागे. बहुतेकदा ती तिथेच असते. शेपूट कडक, वायर मऊ, आणि सॅक भरताना वाकण्याचा सगळा ताण त्या सांध्यावर येतो.

खात्रीसाठी एक टाचणी लागते. संशयित जागेच्या पाच-सहा सेंटिमीटर पॅडलकडच्या अंगाला टाचणी डाहच्या तारेत टोचायची आणि तिथून काँटॅक्टपर्यंत मोजायचं. तेवढा भाग एकसंध आला तर दोष पुढच्या तुकड्यातच आहे आणि पॅडल उघडायची गरज नाही. जाळीची वायर असेल तर हे करू नका, टाचणीने जाळी आणि आतली तार एकमेकांना टेकतात.

कापण्याआधी, २ डिसेंबरला, बनवणाऱ्याला मेल केला. महाग वस्तू आहे, वॉरंटीत बसलं तर कशाला हात लावा, असा विचार. चार दिवसांनी सौजन्याचं उत्तर आलं: वायर वापराने झिजणारा भाग आहे, ती वॉरंटीत येत नाही, पॅडल स्वखर्चाने पाठवलंत तर नाममात्र पैशांत बदलून देऊ. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात इकडून पाठवताना कस्टम्सचा सीएन-२३ फॉर्म भरावा लागतो, आणि खरी अडचण परत येताना. दुरुस्तीसाठी बाहेर गेलेली आपलीच वस्तू आहे हे दाखवायला मूळ बिल, पाठवल्याची पावती, दुरुस्तीचं बिल, पत्रव्यवहार हे सगळं हाताशी हवं. नाहीतर ती नवी आयात समजून ड्युटी लागू शकते. ज्यांना पाठवायचंच आहे त्यांनी पाकिटावर ‘मोर्स की, यांत्रिक स्विच, यात ट्रान्समीटर नाही’ असं स्पष्ट लिहून घ्यावं. रेडिओ या शब्दाने पार्सल उघडून बघितलं जाण्याची शक्यता वाढते, आणि पॅडलमध्ये खरोखर दोन स्विचपलीकडे काही नसतं. एका पिनसाठी एवढा खटाटोप करण्यात अर्थ नव्हता. उत्तरातली कामाची गोष्ट एकच होती: तार स्वतः बदलली तरी पॅडलच्या यांत्रिक भागांवरची वॉरंटी जाणार नाही, असं त्यांनी लेखी दिलं. हे विचारून ठेवाच.

सुटे भाग घ्यायला पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड. दुकानात ‘३.५ मिमी टीआरएस कनेक्टर’ मागितलात तर समोरचा क्षणभर बघत राहील. आपल्या बाजारात त्याचं नाव ‘ईपी स्टिरिओ’. आणि मोठी ६.३५ मिमीची पिन म्हणजे ‘पी-३८’. “ईपी स्टिरिओ साधी देऊ का मेटल?” हा पुढचा प्रश्न. मेटलच घ्या. प्लास्टिकची दहा-पंधरा रुपयांत मिळते, पण सोल्डरच्या उष्णतेने आतलं प्लास्टिक मऊ होऊन टोकाचा दांडा तिरका होतो, आणि अशी पिन रिगच्या सॉकेटमध्ये घालणं म्हणजे पिनेपेक्षा कितीतरी महाग गोष्ट पणाला लावणं. मेटल बॉडीची बरी पिन ३५ रुपयांना मिळाली. घेतानाच दुकानात तीन गोष्टी बघायच्या. टोकाचा दांडा हलवून पाहिला तर जराही डुगडुगता कामा नये. आत वायर पकडायला दुमडता येणारी पत्र्याची चिमटी हवी. आणि काळ्या पट्ट्या दोन हव्यात. तीन असल्या तर ती मोबाइलची माइकवाली चार टप्प्यांची पिन आहे, ती नको.

कवचाची जाडी हा मुद्दा घरी येईपर्यंत सुचत नाही. रिगला रबरी किंवा चामडी कव्हर असेल, किंवा सॉकेट जरा आत बसवलेलं असेल, तर जाड कवचाची पिन पूर्ण बसतच नाही. दांडा मिलिमीटरभर बाहेर राहतो आणि डाह कधी लागतो, कधी नाही. नेहमीच्या पिनेचा दांडा १४ मिमी असतो. शेजारच्या सॉकेटपासूनचं अंतरही मोजून न्या.

परदेशी पॅडलसाठी मात्र रीन कंपनीची एनवायएस-२३१ बीजी ही काळ्या कवचाची, सोन्याचा मुलामा दिलेली पिन हवी होती. पॅडलच्या बाबतीत मुलामा हा निव्वळ दिखावा नाही. कीअरच्या तारेतून वाहणारा करंट अगदी नगण्य असतो, त्यामुळे काँटॅक्टवर साचलेला ऑक्साइडचा थर तोडण्याइतका जोर त्यात नसतो. निकेलची पिन पावसाळाभर सॅकच्या कप्प्यात पडली तर सप्टेंबरात कुरकुरते, सोन्याची सहसा कुरकुरत नाही. ही पिन गल्लीत मिळाली नाही. ऑनलाइन मागवली तेव्हा एकीच्या किमतीपेक्षा पाठवणावळ जास्त दिसत होती, म्हणून स्थानिक हॅम मित्रांच्या गरजा विचारून एकत्र ऑर्डर दिली. वाटणी होऊन पिन साधारण १९० रुपयांना पडली. माल परदेशातल्या गोदामातून निघाला, त्यामुळे कुरियर कंपनीचा केवायसीचा निरोप आला: ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा अपलोड करा. ऑर्डरवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरशः एकच असू द्या. ऑर्डर नुसत्या आद्याक्षरांनी दिली तर पार्सल नाव जुळेपर्यंत थांबतं. ९ डिसेंबरला दिलेली ऑर्डर नाताळाच्या आदल्या दिवशी हातात पडली.

तोवर पॅडल चालू ठेवायचं म्हणून मध्येच तारा पिळून वर इन्सुलेशन टेप गुंडाळणं, पिनेच्या मुळाशी फेव्हिक्विक सोडणं, असे उपाय लोक करतात. टेप एक वेळ ठीक. फेव्हिक्विक नकोच. ते तारेच्या पदरांत खोलवर झिरपतं, तेवढा भाग काचेसारखा कडक होतो आणि त्याच्या कडेला नवी तूट पडते. शिवाय आता कापायची वायर दुप्पट झालेली असते.

वायर कापली ती शेपटापासून तीन सेंटिमीटर मागे. तूट एक सेंटिमीटरवर असली तरी आजूबाजूचे पदरही थकलेले असतात. जुनी साचेबंद पिन ब्लेडने उभी चिरून पाहिली. डाहच्या तारेचे जवळजवळ सगळे पदर तुटलेले, दोन-तीन पदरांवर काम चाललं होतं, आणि तुटलेल्या टोकांवर हिरवट पूड. ओलावा पिनच्या बाजूने आत चढला होता. हिरवेपणा कापलेल्या टोकालाही दिसला तर स्वच्छ तांबूस तांबं लागेपर्यंत आणखी कापत जायचं. काळवंडलेल्या तांब्यावर सोल्डर बसत नाही, थेंब होऊन घरंगळतो.

आता सोल्डरिंग. साधन: तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग स्टेशन असेल तर उत्तम, पण २५ वॉटच्या साध्या सोल्ड्रॉननेही (सोल्डरिंगची इस्त्री, पुढे नुसती ‘इस्त्री’) हे काम होतं. ६०/४० सोल्डर, ०.८ मिमी. थोडा फ्लक्स. सगळ्यात आधी वायरवर पिनेचं कवच आणि श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आवळणारी नळी) ओवून घ्यायचं. बाहेरचं आवरण १५ मिमी सोलायचं, आतल्या तारा फक्त ३ मिमी. ग्राउंडची तार थोडी लांब ठेवायची. वायर कधी ओढली गेलीच तर ग्राउंड शेवटी सुटावी.

पिन हातात किंवा पक्कडीत धरून सोल्डर करू नका. घरात पडलेलं एखादं जुनं ३.५ मिमी सॉकेट घ्या, पिन त्यात घाला आणि सॉकेट चिमट्यात पकडा. सॉकेट उष्णता ओढून घेतं आणि आतलं प्लास्टिक मऊ झालंच तर दांडा सरळ धरून ठेवतं. तारेचं टोक आणि पिनेचं कान (तार जोडायची पत्ती), दोन्हींवर आधी वेगवेगळा सोल्डरचा पातळ थर द्यायचा आणि मग दोन्ही टेकवून दोन सेकंदांत सांधा करायचा. ३५० अंशांच्या आसपास टोक असेल तर दोन सेकंद पुरतात. थंड इस्त्री दहा सेकंद धरण्यापेक्षा गरम इस्त्री दोन सेकंद धरणं प्लास्टिकला कमी जाचक. मधल्या आणि टोकाच्या कानांत एवढी कमी जागा असते की एक सुटा पदरसुद्धा दोघांना जोडतो, म्हणून टोकाच्या तारेवर बारीक श्रिंक स्लीव्हचा चार-पाच मिलिमीटरचा तुकडा चढवावाच.

सोल्डर तारेत वर चढू देऊ नका. पदरांमधून तो इन्सुलेशनच्या आतपर्यंत शोषला जातो, तेवढा भाग कडक सळईसारखा होतो आणि त्याच्या कडेला तार मोडते.

प्रिंटेड पॅडलच्या इअरफोनी वायरने वेगळाच त्रास दिला. या वायरींत तांब्याच्या अतिबारीक, वार्निश चढवलेल्या तारा नायलॉनच्या धाग्याभोवती असतात. लाल, हिरवा, तांबूस असे रंग दिसतात ते वरच्या प्लास्टिकचे नव्हेत, वार्निशचेच. त्यावर सोल्डर अजिबात धरत नाही, आणि नवख्याला वाटतं आपलीच इस्त्री बिघडली. उपाय असा: इस्त्री ४०० अंशांपर्यंत न्या, टोकावर सोल्डरचा मोठा थेंब घ्या, तारेचं टोक त्या थेंबात बुडवून धरा. तीन-चार सेकंदांत वार्निश जळून धूर निघतो आणि तार चकाकते. धूर नाकात जाऊ देऊ नका, खिडकी उघडी ठेवा. लायटरने जाळायचा सल्ला बरेच जण देतात. त्यात नायलॉन वितळून तांब्यावर बसतो आणि बारीक तार ठिसूळ होते. मी म्हणेन, अशी वायर दुरुस्त करूच नये, सरळ बदलावी. ती वजनाला हलकी आणि मऊ असते हे खरं, पण पावसाळी सहलीत ती टिकत नाही.

नवी वायर म्हणून दोन तारा आणि वर जाळी अशी ३ मिमी जाडीची माइकची वायर घेतली, मीटरला ३० रुपये. सिलिकॉनच्या तीन बारीक तारा वेणीसारख्या विणून वापरणं हा दुसरा पर्याय. सिलिकॉन वायर थंडीतही मऊ राहते आणि इस्त्रीने आक्रसत नाही, पण धारदार कडेवर लगेच चिरते आणि तिला जाळी नसते. पॅडल मांडीला बांधून वापरणार असाल तर ९० सेमी, रिगशेजारी ठेवणार असाल तर ५० सेमी पुरे. जास्तीची लांबी दोन प्रकारे महागात पडते: पायात अडकते आणि आरएफ गोळा करते.

या सगळ्या कामात मनापासून वेळ द्यावा अशी जागा एकच, ती म्हणजे वायरची पकड. सोल्डरचं काम वीज पोचवण्याचं, ओढ सोसण्याचं काम पिनेच्या चिमटीचं. चिमटी बाहेरच्या आवरणावर बसली पाहिजे, आतल्या उघड्या तारांवर नाही. ३ मिमीची वायर तिच्यात सैल वाटली तर आवरणावर श्रिंक स्लीव्हचे दोन थर चढवून जाडी वाढवा आणि मग चिमटी दाबा. इतकीही नको की आवरणातून जाळी चिरडून आतल्या तारेला टेकेल. दाबून झाल्यावर लगेच मीटर लावून शॉर्ट तपासा. कवच फिरवल्यानंतर त्याच्या मागच्या तोंडावर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह ३० मिमी लांबीची चढवायची, अर्धी कवचावर, अर्धी वायरवर. तिच्यावर दुसरी थोडी लांब आणि पातळ. अशा पायऱ्या ठेवल्या की कडक भाग एकदम संपत नाही, वाकणं लांबीभर विभागलं जातं. अराल्डाइट भरून सगळं पक्कं करावंसं वाटतं, पण मग मोडण्याची जागा फक्त अराल्डाइटच्या कडेला सरकते. ग्लू गनचा गोंद उन्हात तापलेल्या गाडीत मऊ होतो, त्याचाही भरवसा नाही.

जानेवारीत प्रिंटेड पॅडल कामाला घेतलं. त्याला कायमची वायर ठेवायचीच नाही, पॅडलमध्ये सॉकेट बसवायचं आणि दोन्ही टोकांना पिन असलेली वायर सुटी ठेवायची, असं ठरवलं. डोंगरावर वायर गेली तर खालच्या गावातल्या मोबाइलच्या दुकानातली साधी ऑक्स वायरसुद्धा चालून जाते. जीएक्स-१२ हे गोल, स्क्रूने आवळायचं कनेक्टर सहज मिळतं आणि पकड भक्कम असते, पण त्याला १२ मिमीचं भोक लागतं आणि एवढ्याशा पॅडलला ते जड होतं. शिवाय वायर पायात अडकली तर पिन सुटून यावी हेच बरं. आवळलेलं कनेक्टर पॅडल किंवा रिग सोबत खाली ओढतं. यूएसबी-सी सॉकेट वापरायची टूम दिसते, ती मला धोक्याची वाटते. एखाद्या दिवशी कोणीतरी चार्जरची वायर त्यात लावणारच, आणि डिट-डाहच्या तारांवर पाच व्होल्ट येतील.

पॅनेलला बसणाऱ्या ३.५ मिमी सॉकेटच्या आट्यांना ६ मिमीचं भोक लागतं. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ होतं, त्यामुळे ड्रिल वेगाने फिरवलं तर भोक पडण्याऐवजी प्लास्टिक वितळून बिटाला चिकटतं. २ मिमी, मग ४, मग ६ अशी बिटं हाताने फिरवत भोक मोठं केलं. सॉकेटच्या आट्या जेमतेम चार-पाच मिमी लांब असतात. भिंत ३ मिमीपेक्षा जाड असेल तर नटला पकडच मिळत नाही, आतून भिंत तासून पातळ करावी लागते. आधी मोजा, मग भोक पाडा. चुंबकांवर आधीच मास्किंग टेप लावा. प्लास्टिकचा कीस त्यांना चिकटत नाही, पण कानशीचा पोलादी कीस घट्ट बसतो आणि काँटॅक्टमध्ये शिरतो.

सोल्डरिंग पॅडलच्या बाहेर उरकायचं. दोन कारणं: एक तर पीएलए, आणि दुसरं, साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या वर गेले की ताकद गमावू लागतात आणि गेलेली ताकद थंड झाल्यावर परत येत नाही. काँटॅक्ट पोस्टला थेट इस्त्री लावण्याऐवजी तारेच्या टोकाला कडीचा टॅग सोल्डर करून तो स्क्रूखाली आवळला. पुढच्या वेळी वायर बदलताना इस्त्रीही लागणार नाही.

सॉकेटच्या मागे तीनऐवजी पाच कानं दिसली तर थांबा. त्यातली दोन स्विचची असतात: पिन नसताना जोडलेली, पिन घातली की सुटणारी. चुकून त्यांवर तारा जोडल्या तर रिकाम्या सॉकेटवर मीटर सगळं बरोबर दाखवतो आणि वायर लावताच पॅडल मुकं होतं. म्हणून एक सुटी पिन सॉकेटमध्ये घालूनच, तिच्या कानांपासून सॉकेटच्या कानांपर्यंत मोजा आणि पेनाने खुणा करा. धातूच्या पॅडलमध्ये सॉकेट बसवणार असाल तर आणखी एक बघा. सॉकेटच्या आट्या ग्राउंडला जोडलेल्या असतात, म्हणजे पॅडलचं धड ग्राउंड होणार. पट्ट्या ग्राउंडला आणि पोस्ट इन्सुलेटेड अशी रचना असेल तर ते योग्यच. उलट रचनेत मात्र प्लास्टिकच्या वॉशरने सॉकेट वेगळं ठेवावं लागेल.

तयार ऑक्स वायर वापरताना रंगांवर विसंबू नका. साधारणपणे लाल रिंगला आणि पांढरी किंवा हिरवी टोकाला जाते, पण खात्री मीटरचीच. जुन्या माइकवाल्या इअरफोनची वायर वापरली तर ग्राउंड मागच्या टप्प्यावर नसून मधल्या दुसऱ्या रिंगवर असू शकते आणि पॅडलची ग्राउंड अधांतरी राहते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तपासणी. आधी मीटर: पिनेपासून पिनेपर्यंत प्रत्येक तारेचा रोध, प्रोबचा स्वतःचा रोध वजा करून, अर्ध्या ओहमच्या आत, पट्ट्या न दाबता कुठल्याही दोन तारांत काहीही लागता कामा नये. मग रिग बंद असताना पिन घातली. हे नेहमीसाठीच आहे: स्टिरिओ पिन सॉकेटमध्ये शिरताना तिची टोकं वाटेतल्या पत्त्यांना क्षणभर टेकत जातात, आणि ब्रेक-इन चालू असेल तर रिग ट्रान्समिट करून मोकळा होतो. मग ब्रेक-इन बंद ठेवून साइडटोनवर डिटची लांब माळ, डाहची लांब माळ, आणि त्याच वेळी पिन सॉकेटमध्ये फिरवून, वायर मुळाशी वाकवून पाहणं. मग ५० ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायचा, पॉवर शोषून घेणारा रोध) पूर्ण सहा वॉट. शेवटी अँटेना.

टोकाला फीड केलेल्या वायर अँटेनावर, काउंटरपॉइझ (अँटेनाला जोड म्हणून पसरलेली दुसरी तार) आखूड असताना, सहा वॉटला दोन-तीन चुकार डिट ऐकू आले. डमी लोडवर एकही नव्हता. म्हणजे आरएफ. काउंटरपॉइझ लांबवला आणि रिगच्या टोकाला वायर क्लिपच्या फेराइटमधून (वायरवरची आरएफ अडवणारं कडं) तीनदा ओवली. वेढे वाढले की अडवण्याची ताकद साधारण वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढते, एकदाच ओवलेल्या फेराइटने एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) फारसं हाती लागत नाही. ३१ क्रमांकाच्या मिश्रणाचं फेराइट मिळालं तर तेच घ्यावं, गल्लीतल्यांवर क्रमांक नसतो. डिट-ग्राउंड आणि डाह-ग्राउंड असे १०३ लिहिलेले, म्हणजे १० नॅनोफॅरडचे दोन सिरॅमिक कपॅसिटरही लावले. ते जितके रिगजवळ तितके उपयोगी, म्हणून चिप प्रकारचे घेऊन पिनेच्या कानांतच बसवले. ७ मेगाहर्ट्झला असा कपॅसिटर जवळपास सव्वादोन ओहमचा मार्ग देतो, आणि कीअरच्या वेगाला त्याचा जराही अडथळा होत नाही.

खर्च असा: रीनची पिन १९०, मेटल ईपी स्टिरिओ दोन ७०, माइकची वायर दोन मीटर ६०, सॉकेट ३०, गोंदवाली आणि साधी श्रिंक स्लीव्ह मिळून ९०, क्लिपचं फेराइट ७०, टॅग आणि कपॅसिटर २०. एकूण ५३०. इस्त्री, मीटर, सोल्डर आधीपासून होतं. ते नसेल तर एखाद्या हॅम मित्राकडे बसून करा, संध्याकाळभराचं काम आहे.

परदेशी पॅडलची आतली जोडणी उघडलेली नाही, कारण तिथली वायर धडधाकट आहे. तिची लांबी तीन सेंटिमीटरने घटली, पुढच्या वेळी आणखी तेवढीच घटेल. ती ४० सेमीच्या खाली गेली की त्यालाही सॉकेट बसवायचं; ॲल्युमिनियमच्या धडाच्या जाडीचं माप घेऊन वहीत लिहून ठेवलं आहे, आणि लांब आट्यांचं सॉकेट आत्ताच घेऊन ठेवलं आहे.